फ्लॅट पेडलसाठी बूट: प्रकल्प नोंदी

८ जून २०२४

कामाची हद्द आधी आखून घेतो. सायकलला फ्लॅट पेडल आहेत, म्हणजे सपाट, ज्यांवर पाय नुसता ठेवायचा असतो, आणि तीच राहणार. क्लिपलेस (ज्यात बूट अडकवतात ते पेडल) बरं की फ्लॅट, हा वाद या नोंदींत नाही. फ्लॅटवर वेग येत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी माउंटन बाइक शर्यतपटू सॅम हिलची २०१७, २०१८ आणि २०१९ ही वर्षं काढून बघावीत. एंड्युरो वर्ल्ड सिरीज ही डोंगरी सायकलची जागतिक मालिका त्याने ओळीने तीनदा जिंकली, तीही फ्लॅट पेडलवर. तेव्हा प्रश्न एवढाच, की पायात काय घालायचं.

बजेट आठ हजार, फारच ताणलं तर दहा. वापर पुण्याजवळच्या आमच्या नेहमीच्या वाटांवर: बोपदेव घाट चढून कानिफनाथच्या बाजूचे कच्चे रस्ते, तिथून दिवे घाटाकडे, कधी मस्तानी तलावाच्या अंगाने उतरण. म्हणजे मुरूम, सुटे दगड, मधूनच उघडा कातळ आणि पावसाळ्यात चिखल. शिवाय कुठे ना कुठे सायकल ढकलत किंवा खांद्यावर घेऊन चालणं आहेच. बाहेरदेशातल्या परीक्षणांत हा भाग दोन ओळींत उरकतात. तिकडे बाइक पार्कात लिफ्टने वर जायचं आणि फक्त उतरायचं असतं, त्यामुळे त्यांचं बरोबरच आहे. आपल्याला मात्र वर न्यायला कोणी येत नाही.

भाचीलाही बूट घ्यायचेत. तिची अट: "मामा, कॉलेजला घालता आले पाहिजेत." बहिणीने डोळे फिरवले, पण अट चांगली आहे. जो बूट दिवसभर पायात राहतो त्यातच डोंगरात नीट चालता येतं.

९ जून

घरातले आणि मित्रांकडून मागून आणलेले मिळून पाच प्रकार जमले. नावं लिहीत नाही. मला तुलना प्रकारांची करायची आहे, कंपन्यांची नाही.

क: रोजचे पळायचे बूट, जाड मऊ मिडसोल (सोलच्या वरचा फोमचा थर), वर जाळी.
ख: खोल नक्षीचे ट्रेकिंगचे बूट, घोट्यापर्यंत.
ग: सपाट सोलचे कॅनव्हासचे बूट, स्केटबोर्डवाले घालतात तसले.
घ: फ्लॅट पेडलचे खास बूट, अतिशय मऊ रबर, सोलवर टाचेपासून चवड्यापर्यंत एकसारखे छोटे ठिपके.
च: फ्लॅट पेडलचेच, पण रबर मध्यम, मधला भाग जवळजवळ सपाट आणि चवड्याला व टाचेला खाचा.

हे खास बूट मुळात सायकलवाल्यांच्या डोक्यातून निघालेले नाहीत. चार्ल्स कोलने १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात फाइव्ह टेन सुरू केली ती कातळ चढणाऱ्यांसाठी, आणि त्यांचं स्टेल्थ नावाचं रबर प्रस्तरारोहणाच्या बुटांतून सायकलच्या बुटांत उतरलं. २०११ मध्ये आदिदासने ती कंपनी विकत घेतली. आज शिमानो, स्पेशलाइज्ड, लिअट, राइड कॉन्सेप्ट्स, क्रँकब्रदर्स अशा सगळ्यांचेच फ्लॅटचे बूट आहेत. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना यात नवल वाटू नये. ओल्या कातळावर कोणतं रबर धरतं आणि कोणतं दगा देतं, यावर आपल्याकडे ट्रेकच्या आदल्या रात्री तासन्‌तास चर्चा झडतातच.

१५ जून

बुटांच्या आधी पेडल. तपासणी एकाच पेडलवर, एकाच उंचीच्या पिनांवर (बूट धरून ठेवणारी पेडलवरची टोकं) झाली नाही तर तिला काही अर्थ नाही. १५ नंबरचा पाना लावून दोन्ही पेडल काढली (डाव्याचे आटे उलटे असतात, जोर लावण्याआधी हे आठवावं), घासून धुतली, ग्रीस लावून परत बसवली. नायलॉनची बॉडी, एका बाजूला दहा पिना. पिना म्हणजे साधे एम-४ ग्रब स्क्रू, बिनडोक्याचे. चार-पाच झिजून गुळगुळीत झाले होते. बोहरी आळीत तसलेच मूठभर मिळाले, किंमत सांगण्यासारखीही नाही.

एम-४ च्या आट्याचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ०.७ मिमी असतो. म्हणजे ॲलन कीचा एक पूर्ण फेरा दिला की पिन ०.७ मिमी वर किंवा खाली सरकते. व्हर्नियर लावून सगळ्या पिना ४ मिमीवर आणल्या. हा आकडा लिहून ठेवला, कारण पुढे सगळं यावरून मोजायचं आहे.

२२ जून

आजचा प्रयोग चुन्याच्या डबीचा. सोसायटीच्या वॉचमनकाकांकडून पानाला लावायचा चुना चिमूटभर घेतला. सायकल भिंतीला टेकवली, मागचा ब्रेक करकचून बांधला, पिनांच्या टोकांना काडीने चुना लावला आणि नेहमी राहतो तसा दोन्ही पेडलवर उभा राहिलो: पेडल आडवी, गुडघे किंचित वाकलेले, टाच खाली. मग पाय सरळ वर उचलायचा आणि सोल उलटा करून पांढरे ठिपके मोजायचे. भाचीने प्रत्येक सोलचे फोटो काढले. वॉचमनकाका शेवटपर्यंत बघत उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती.

'क' वर दहाही ठिपके आले, आणि पहिल्या नजरेत हाच बूट जिंकला असं वाटावं. पण ठिपक्यांबरोबर सोलच्या मधोमध एक पांढरट पट्टाही उमटला होता. तो पेडलच्या आसाचा उंचवटा. मऊ मिडसोल पेडलवर अक्षरशः पसरतो, त्यामुळे पिना सगळ्या लागतात, पण आसही तळपायाला लागतो. घाट चढून झाल्यावर कमानीत जी कळ येते तिचा उगम इथे आहे. मिडसोल दबतो तेव्हा पायाचा जोर क्रँकला (पेडलच्या दांड्याला) जाण्याआधी फोमला जातो, हे वेगळंच.

'ख' चं चित्र सगळ्यात विचित्र. दोन पिना खाचांमध्ये खोल गेलेल्या, बाजूला खरचटल्याच्या रेघा. तीन पिना नक्षीच्या ठोकळ्यांच्या डोक्यावर. बाकीच्यांचा पत्ताच नाही. पाय जरा पुढे ठेवून परत केलं तर ठिपके पूर्ण वेगळे. म्हणजे पाय कुठे पडेल त्यावर पकड ठरणार. खाचेत पिन अडकली तर पाय हलता हलत नाही, ठोकळ्यावर बसली तर घसरतो. उतारावर, जिथे पाय उचलून परत ठेवायला क्षणही मिळत नाही, तिथे ही सोडत नशिबावर सोडायची माझी तयारी नाही.

'ग' वर आठ ठिपके, स्वच्छ आणि गोल. 'घ' वर आठ, पण ठिपके नव्हे, खळगे: पिन काढल्यावरही रबरात खड्डा काही क्षण तसाच दिसत राहिला आणि मग हळूहळू भरला. भाचीने त्याचा व्हिडिओ केला. या बुटांचं मर्म त्या भरत जाणाऱ्या खड्ड्यात आहे. रबर नुसतं मऊ असून भागत नाही, ते सावकाश पूर्ववत होणारं लागतं. पिन आत रुतते आणि रबर तिच्याभोवती बसतं. शिवाय धक्का बसला की चेंडूसारखं उसळून पायाला पेडलवरून उडवत नाही, धक्का आतच जिरवतं.

'च' वर सहा. ताठ मिडसोल पेडलच्या खोलगट मध्यात वाकत नाही, त्यामुळे कडेच्या पिनाच लागतात आणि मधल्या अधांतरी राहतात.

३० जून

ओढून बघण्याचा प्रयोग. बुटात वाळूची पिशवी भरली, पेडल लाकडी फळीला बांधलं, टाचेला दोरी आणि दोरीला प्रवासी बॅगा तोलायचा डिजिटल काटा. हळूहळू ओढायचं आणि बूट सुटतो तेव्हाचा आकडा बघायचा.

आकडे इथे उतरवत नाही. एकाच बुटाचे दोन वाचनांतले आकडे इतके लांब होते, की त्यांवरून काही छापणं म्हणजे लोकांची दिशाभूल. पिन ठिपक्यावर पडली की दोन ठिपक्यांच्या मध्ये, एवढ्यानेही फरक पडतो. क्रम मात्र दर वेळी तोच आला: 'घ' सगळ्यांत पुढे, मग 'च' आणि 'ग' जवळजवळ बरोबरीत, मग 'क'. 'ख' कधी सगळ्यांच्या वर, कधी सगळ्यांच्या खाली. चुन्याने जे सांगितलं तेच काट्यानेही सांगितलं.

रबराचा मऊपणा शोर ए या मापात सांगतात, आकडा जितका कमी तितकं रबर मऊ. दुकानात तो आकडा कोणी सांगत नाही आणि खोक्यावरही क्वचितच छापलेला असतो. तिथे अंगठ्याचं नख वापरावं. सोलमध्ये दाबून धरा, सोडा, खूण किती वेळ टिकते ते बघा. सेल्समन विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

१४ जुलै

पावसातली पहिली खरी तपासणी. मी 'घ' घातले, मित्राने 'च'. आमचा नंबर एकच, त्यामुळे अर्ध्या वाटेवर अदलाबदल ठरली होती.

घाटाच्या डांबरावर आणि वरच्या मुरमाच्या वाटेवर 'घ' ची पकड अशी, की पाय पेडलला चिकटवलाय असं वाटावं. सुरुवातीला मजा आली. मग लक्षात यायला लागलं की पाय जिथे पडला तिथेच राहतो. वळणाआधी बाहेरचा पाय पाव इंच मागे घ्यायचा म्हटलं तर पूर्ण उचलावा लागतो, आणि त्या क्षणी खाली दगड असेल तर उचलवत नाही. ज्यांचा पाय दर वेळी अचूक पडतो त्यांच्यासाठी हे वरदान आहे. माझा पडत नाही, आणि बहुतेकांचा पडत नसावा.

खरी गंमत शेताच्या कडेला आली. काळी माती ओली झाली की कशी चिकटते हे शेतात चाललेल्याला सांगायला नको. 'घ' च्या ठिपक्यांमधल्या फटी वीस पावलांत भरल्या आणि सोल गुळगुळीत लगदा झाला. चढावर सायकल ढकलताना पुढचं पाऊल टाकलं की मागचं खाली सरकायचं. परत पेडलवर बसलो तर पिन आणि रबर यांच्यामध्ये माती. जगातलं सगळ्यात मऊ रबर असलं तरी पिनेला ते भेटलंच नाही तर काय उपयोग? पेडलची बॉडी उघडी असल्याने तिच्यातली माती गळून पडते, सोलमधली पडत नाही.

अदलाबदल झाल्यावर 'च' ने चवड्याच्या खाचांवर तोच चढ मुकाट्याने चढवला. चालताना माती त्या खाचांतून बरीचशी निसटतही होती. पेडलवर मात्र पकड कमी, एका दगडी टप्प्यावर डावा पाय उडून पिन नडगीला चाटून गेली. फार नाही, पण मोज्याच्या वर दोन रेघा आहेत. मित्र म्हणाला, "बघ, पकड लागतेच." लागते. पण ती बुटातूनच यायला हवी का, हा प्रश्न घरी येईपर्यंत डोक्यात राहिला.

२५ जुलै

खडकवासला धरणातून मोठा विसर्ग, नदीकाठची एकतानगरी पाण्यात. मित्राच्या मावशीकडचं सामान वरच्या मजल्यावर हलवायला गेलो होतो. आज बुटांचं काही नाही.

४ ऑगस्ट

वाळवण्याची नोंद. पावसाळ्यातल्या पुण्यात बूट किती वेळात वाळतो हे रबराइतकंच महत्त्वाचं आहे, निदान ज्याला रविवारनंतर पुढच्या रविवारीही जायचंय त्याला. इनसोल काढायचा, लेस सैल करायची, आत वर्तमानपत्राचे बोळे, पंख्याखाली उभे टेकवून ठेवायचे. बोळे रात्री एकदा बदलायचे. गिझरच्या टाकीवर किंवा हीटरसमोर ठेवायचे नाहीत; सोलला लावलेलं सोल्युशन उष्णतेने सुटतं.

'क' ची जाळी सगळ्यांत आधी वाळली. 'ग' चं कॅनव्हास तिसऱ्या दिवशीही दमट आणि वासाचं. 'घ' ला बोटांपाशी जाड पॅडिंग आहे, ते पाणी सोडायलाच तयार नव्हतं. 'च' वरून सिंथेटिक, पाणी फारसं पीत नाही, मधल्या क्रमांकावर.

याच निमित्ताने कपाटाच्या तळातून वडिलांचे जुने ट्रेकिंगचे बूट काढले. वर नवेकोरे, आणि पाय घालून उभं राहताच सोल बिस्किटासारखा चुरला. हे झिजण्याने होत नाही. पॉलियुरेथेनचा मिडसोल हवेतल्या ओलाव्याने आतल्या आत तुटत जातो, आणि न वापरता बंद ठेवलेला तर अधिकच. ईव्हीए या दुसऱ्या फोमला हा रोग नाही, ते दबून दबून बसकं होतं एवढंच. कोकणात राहणाऱ्यांनी सेलमध्ये मिळालेला, गोदामात वर्षानुवर्षं पडलेला जोड घेताना मिडसोल कशाचा आहे हे विचारावं.

८ सप्टेंबर

घरी गणपती आहेत. फक्त एक विचार लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन.

पकड बाहेरून बदलता येते. पिन अर्धा फेरा वर, बारीक टोकाची पिन, कडेच्या उंच आणि मधल्या बुटक्या, असे हवे तेवढे खेळ पेडलवर करता येतात आणि खर्च बोहरी आळीतल्या मूठभर स्क्रूंचा. मिडसोलचा ताठपणा, चवड्याच्या खाचा, वरच्या कापडाचा स्वभाव यांतलं काहीही विकत घेतल्यावर बदलत नाही. तेव्हा बूट निवडायचा तो ताठपणावर, चालण्यावर आणि वाळण्यावर. पकड पिनांनी जुळवायची. दुकानांत आणि परीक्षणांत बरोबर उलटं चालतं: सगळ्यांत आधी रबर, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत रबर.

याचा अर्थ वाटेल तो बूट चालेल असा नाही. सोल मध्ये सपाट हवाच, 'ख' ला कितीही पिना लावल्या तरी सोडत ती सोडतच.

२२ सप्टेंबर

मापं. पाय संध्याकाळी मोजावा, सकाळपेक्षा तो थोडा फुगलेला असतो. भिंतीला टाच लावून कागदावर उभं राहायचं, वजन देऊन, आणि सगळ्यांत लांब बोटाशी खूण. माझा २६.५ सेंमी. युरोपीय नंबराचं एकक सेंटिमीटरच्या दोन-तृतीयांश असतं, आणि बुटाच्या आत बोटांपुढे साधारण दीड सेंटिमीटर मोकळीक धरतात. म्हणजे २८ भागिले दोन-तृतीयांश, नंबर ४२. आपल्या दुकानांतला नंबर ब्रिटिश, त्याचं एक पाऊल एक-तृतीयांश इंचाचं. तो हिशोब ८ वर येतो. भाचीचा पाय २३.५, म्हणजे साडेसदतीस. अडचण तिथेच सुरू होते. मी पाहिलेल्या बहुतेक फ्लॅट बुटांचे नंबर इथे ४० च्या पुढचेच होते.

लक्ष्मी रोडवर एका दुकानात तिला एक नंबर मोठा देऊन "जाड मोजा घाला ताई" असं सांगितलं गेलं. मोठ्या बुटात पाय आत सरकतो, आणि पाय सरकला की पिनांनी बूट धरून काय फायदा? आलो बाहेर.

१२ ऑक्टोबर

दसरा. 'च' जातीचा एक जोड घेतला, बजेटपेक्षा थोडा वर पण दहाच्या आत. घेण्यापूर्वी दुकानातच तपासलं ते असं. बूट टाच आणि चवडा धरून पिळला: जरासा पिळला गेला पाहिजे, पण चिंधीसारखा नाही. मग मधून वाकवला: चवड्यापाशी वाकला, कमानीपाशी वाकला नाही, बरोबर. बोटांची पेटी (बुटाचं पुढचं टोक) अंगठ्याने दाबली: कडक, दगड लागला तर उपयोगी. लेस अडकवायला जिभेवर इलॅस्टिकचा पट्टा होता. हा छोटासा तुकडा नसला तर उजव्या बुटाची लेस चेनमध्ये जाते, आणि ती जाते तेव्हा थांबायला जागा नसते. दुकानदाराने नखाचा प्रयोग पाहून विचारलं, "टिकणार का बघताय?" म्हटलं, रुसून किती वेळ बसतं ते बघतोय.

भाचीसाठी अजून नाही.

२७ ऑक्टोबर

पाऊस संपला, गवत वाळलं, कुसळांचे दिवस सुरू. मस्तानी तलावाच्या वरच्या वाटेने परतताना दुसऱ्या एका मित्राच्या 'क' छाप बुटांची जाळी कुसळांनी शिवल्यासारखी झाली होती. प्रत्येक कुसळ आत टोचतं आणि ओढून काढलं तर अर्धं तुटून आतच राहतं. तो पायरीवर बसून चिमट्याने काढत होता, आमचा दुसरा चहा झाला तरी काम चालूच. नव्या बुटाच्या गुळगुळीत पृष्ठावर एकही रुतलं नाही, मोज्याच्या वरच्या काठाला मात्र पुरेशी होती. परदेशी परीक्षणांत हवा खेळणाऱ्या जाळीचं कौतुक वाचून कोणी भुलणार असेल, तर त्याने आधी नोव्हेंबरात कुठल्याही टेकडीवर फिरून यावं.

१७ नोव्हेंबर

पिना जुळवल्या. चुन्याची डबी पुन्हा काढली. नव्या बुटावरही 'च' सारखेच सहा ठिपके. कडेच्या पिना एक फेरा खाली (३.३ मिमी), मधल्या दोन फेरे वर (५.४ मिमी). परत उभा राहिलो: आठ. मधल्या पिना आणखी वर घेतल्या तर नऊ येतात, पण मग सगळा भार मध्येच जाणवतो, म्हणून परत आणल्या. आटा बॉडीत पुरेसा राहतोय ना, हेही बघावं. नायलॉनमध्ये दोन-तीन आट्यांवर लटकणारी पिन पहिल्या दगडाला निघून जाते.

संध्याकाळी त्याच दगडी टप्प्यावरून उतरलो जिथे जुलैत नडगी सोलली होती. पाय राहिला. वळणावर पाय थोडा मागे घेतला तर तोही सरकला. मित्राचे 'घ' अजून चिकटूनच आहेत, त्याला ते आवडतं, आणि तो माझ्यापेक्षा बराच चांगला चालवतो. त्याच्या बाबतीत वाद घालण्यात अर्थ नाही.

१५ डिसेंबर

झीज बघितली. माझ्या सोलवर कडेच्या पिनांच्या जागी बारीक खड्डे, कुठे टवका नाही. मित्राच्या 'घ' वर दोन ठिपके मुळापासून उपटले गेलेत. मऊ रबर पिनेला धरतं तसंच पिनेला तोडूही देतं, त्याची किंमत अशी वसूल होते. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या काकांनी सोल बघितला आणि म्हणाले, "साहेब, हा शिवून देतो बाजूने, पण वर असलं रबर माझ्याकडे नाही." बाजूने शिवून घेतला, कडा सुटायला लागली होती तीही आटोपली.

भाचीचं शेवटी स्केटच्या बुटावर ठरतंय. साध्या कॅनव्हासचा नव्हे, तर ज्याचा रबरी सोल वाटीसारखा वर येऊन बाजूने शिवलेला असतो तो. 'ग' पेक्षा ताठ, मध्ये सपाट, आणि तिच्या मापात सहज मिळतो. कॉलेजची अटही पूर्ण. चवड्याला खाचा नाहीत, म्हणून पावसाळ्यात ढकलताना ती घसरणार. "तेव्हा तू ढकल ना मामा," असं उत्तर आलंय. रविवारी जोड घेऊन येणार आहे, तिच्या पेडलच्या पिना तोपर्यंत ४ मिमीवर आणून ठेवायच्या. चुना संपलाय.